प्रार्थनेत सांगितलेली बातमी

टेम्पोच्या मागच्या फळीला दोर आवळला जात होता. रिसोडजवळच्या आमच्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या आवारात राहणारी अकरा कुटुंबे निरोप द्यायला जमली होती. एकोणिसाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून मी तिथे आलो आणि चौतीस वर्षांनी, शेवटचा प्राचार्य म्हणून, तिथून निघत होतो. पुण्याला, विश्वस्त मंडळाच्या कचेरीत, माझी नेमणूक झाली होती. भोजनगृह सांभाळण्यात जिचा जन्म गेला त्या सुगंधामावशीने भाकरींची पुरचुंडी माझ्या पत्नीच्या मांडीवर ठेवली आणि मला सहज विचारले, "मंग नवे सर कवा येतीन, बाबू?"

मी दोराच्या गाठीकडे पाहत राहिलो. "प्रभूची इच्छा, मावशी," एवढे म्हणालो आणि टेम्पोत चढलो.

नवे सर येणार नव्हते. विद्यालय कायमचे बंद झाले होते आणि वर्षभरात त्या अकरा कुटुंबांनाही आपल्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. मंडळाकडे गेलेल्या माझ्या सहीच्या अहवालात मात्र, त्यांना सर्व सांगितले असून त्यांना ते मान्य आहे, असे लिहिलेले होते.

माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही आज ठिकठिकाणी पाळक म्हणून सेवा करता. विद्यालय कसे बंद झाले, असे तुम्ही फोनवर विचारता तेव्हा मी घटत्या विद्यार्थिसंख्येबद्दल बोलतो. ते खरे आहे. शेवटच्या वर्षी वर्गात तिघेच होते. पण तेवढेच सांगणे म्हणजे पुन्हा एकदा काहीच न सांगणे होईल.

तुम्हाला शनिवार आठवत असतील. रविवारच्या उपदेशाचा सराव आपण आवारातल्या बायकांसमोर करायचो. बायका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसत आणि आपण समोर उन्हात उभे. प्राध्यापकांचे गुण वहीत राहत. मावशीचा निकाल आवारभर होई. माझा पहिला सराव संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली होती, "पोट्टा लय गोड बोलते व माय. पन सांगून काय राह्यला, ते काई समजलं नाई." सगळ्या हसल्या, मीही हसलो. माझ्या वडिलांनी आमच्या इंझोरी गावाहून मला पाठवताना निराळ्या शब्दांत हेच बजावले होते: "वरडनारा मानूस मले आवडत नाई. पन तोंडातल्या तोंडात बोलनाऱ्याचं मले भेव लागते." माझा मृदू आवाज पुढे लोकांना सद्गुण वाटू लागला. मलाही तो तसाच वाटू लागला, आणि तिथेच मी चुकलो.

विद्यालय बंद करून खोल्या रिकाम्या करण्याचा मंडळाचा निर्णय, मी निघण्याआधीच्या एका रविवारी उपासनेनंतर, मला जाहीर करायचा होता. सूचना वाचायची वेळ आली. समोर मावशी होती, बागकाम करणारा दौलत होता, त्याची दृष्टी गेलेली आई होती. आता ही माणसे विचारतील की आम्ही कुठे जायचे, आणि कागदात त्याबद्दल एक ओळही नव्हती. मी कागद घडी करून बायबलमध्ये ठेवला आणि म्हणालो, "आपण प्रार्थना करू."

माना झुकल्या, डोळे मिटले. मग मी देवाला सांगितले की या घराने तुझे कार्य केले, आता तू त्याला विसावा देत आहेस, आणि येथील तुझ्या लेकरांना तू नव्या निवाऱ्याकडे नेणार आहेस म्हणून तुझे आभार. त्यांना तो निवारा स्वर्गातला वाटला असणार. आमच्या प्रार्थनांत तो बहुधा तिथलाच असतो. प्रार्थनेच्या मध्येच कोणी उठून प्रश्न विचारत नाही, हे मला चांगले माहीत होते. सगळे "आमेन" म्हणाले. मावशीचा आवाज सर्वांत मोठा होता. त्या दुपारी मी अहवालात लिहिले: "सदर बाब समाजासमोर मांडण्यात आली व समाजाने एकमुखाने संमती दर्शवली."

पुण्यात आम्हाला मंडळाच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. विद्यालयाजवळच्या रिठद गावचे माळी आवाराच्या फाटकाशी कोथिंबिरीच्या ओल्या जुड्या टाकून जात. इथे ती मोबाइलवर मागवली की प्लास्टिकच्या पाकिटात लिफ्टने वर येते. याची सवय झाली. कचेरीची सवय मात्र होईना, कारण माझ्या टेबलामागच्या कपाटात माझ्या त्या अहवालाची फाइल होती.

काही महिन्यांनी मावशीचा फोन आला. "बाबू, खोल्या खाली करा म्हून कागद लावला भितीवर. आमाले कोनी इचारलं बाप्पा?" फाइल माझ्या पाठीशी हाताच्या अंतरावर होती. मी म्हणालो, "चौकशी करतो, मावशी." कसली चौकशी करणार होतो मी? तीन आठवडे तिचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवत असे.

गेल्या महिन्यात रिसोडला गेलो. सर्वांना ओट्यापाशी बोलावले आणि त्या प्रार्थनेचे व अहवालाचे सगळे उभा राहून सांगितले. मग दौलत म्हणाला, "म्हंजे सर, तुमी देवाले सांगून राह्यले होते, आन आमी निस्ते आयकाले होतो?"

"हो."

"मी आमेन प्रार्थनेले म्हनलं, बाबू," मावशी म्हणाली. "कागदाले नाई." आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. "पानी तोडतीन काय?"

"मुदत संपल्यावर तोडतील."

"आमाले दुसरी जागा?"

"ठरलेली नाही."

"दौलतच्या मायले कोठी नेतीन?"

"मला माहीत नाही, मावशी."

तिथेच बसून मी मंडळाला पत्र लिहिले व तिला वाचून दाखवले. "समाजाशी संवाद साधताना काही गैरसमज राहिला असावा" इथवर आलो, तेव्हा मेथी निवडता निवडता तिने मान वर केली. "कोनाचा गैरसमज? नाव टाक." मी ते खोडले आणि लिहिले: मी त्यांना सांगितले नाही. मी त्यांची संमती घेतली नाही. अहवालातील वाक्य खोटे आहे आणि ते माझे आहे.

"हाव, आता समजलं," ती म्हणाली.

मी क्षमा मागायला तोंड उघडले. ती निवडलेली भाजी घेऊन उठली. "ते मंग पाहू. मले सैपाक करू दे. तू जाय, एसटी निंगून जाईन तुही." ती आत गेली, दार लोटले आणि आतून कडी घातली.

पत्राला अजून उत्तर नाही. कचेरीत माझ्याशी कामापुरते बोलतात. ज्यांच्या विरुद्ध ते पत्र ठरेल, त्यांच्याच फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहितो आहे. मुलीचे शिक्षण इथे चालू आहे, म्हणून इथून निघता येत नाही, आणि तिथे परतायला मला खोली नाही. तिकडे मुदत संपत आली आहे. हा फास दुसऱ्या कोणी टाकलेला नाही.

सर, तुमचे घर आता कुठे, असे तुमच्यापैकी कोणी विचारले तर माझ्याजवळ एकच ठिकाण आहे. आवारातल्या त्या खोल्यांच्या ओळीतली एक खोली, जिच्यात एक म्हातारी बाई आतून कडी घालून मला बाहेर उभे ठेवू शकते. तिचा तो हक्क जितके दिवस टिकेल, तितके दिवस मला घर आहे.