काळं न घालणारी विन्का

आमच्या बेटावर नवरा गेला की बाई काळं घालते. ते पुन्हा उतरत नाही, कारण तिला पुरतातही त्याच काळ्यात. असा काही कायदा नाही. कायदा असता तर आम्ही तो केव्हाच मोडला असता, आमची ख्यातीच आहे तशी.

विन्काने मात्र ही रीत मोडली. तिचा नवरा आंद्रो धडधाकट मच्छीमार. हिवाळ्यातल्या एका सकाळी जाळं ओढता ओढता होडीतच कोसळला. दफनाला विन्का आली ती निळ्या कोटात, आणि पुढच्या सोमवारी तारल्यांच्या कारखान्यात तिच्या नेहमीच्या जागी डब्यांत मासे भरायला उभी राहिली. बायकांनी बोटं मोडली. समजावायला शेवटी फादर घरी आले.

"फादर," विन्का म्हणाली, "माझ्या आईला बाप उठता-बसता मारायचा. तो गेल्यावर तिनं मरेपर्यंत काळं घातलं, आणि गाव म्हणालं, काय जीव होता हो एकमेकांवर. माझा आंद्रो सोन्यासारखा होता. त्याला त्याच रांगेत बसवू?"

फादरांनी कॉफी संपवली आणि हवामानावर बोलून निघून गेले.

गप्प बसली नाही ती नणंद. किंवा खरं सांगायचं तर तीच गप्प बसली. पेरिना ही आंद्रोची धाकटी बहीण, तरुणपणीच जर्मनीला गेलेली. भावासाठी तिनं स्वतः काळं घातलं होतं, आणि थडग्याशी तो निळा कोट पाहिला त्या दिवसापासून वहिनीशी बोलणं टाकलं. दर उन्हाळ्यात यायची, भिंतीला भिंत लागून राहायची, पण हाक नाही की ओळख नाही. विन्काला मूलबाळ नव्हतं. आंद्रो कसा हसायचा, कोणत्या शिव्या द्यायचा, हे ज्याच्यापाशी बोलावं असं जगात एकच माणूस उरलं होतं आणि तेच तोंड फिरवून बसलं होतं. विन्काला हे फार लागायचं. पण बोलून दाखवील तर ती विन्का कसली.

मग राजधानीतून, झाग्रेबहून, बोर्ना नावाचा दिग्दर्शक आला. त्याला बुडालेल्या नवऱ्याची धक्क्यावर वाट पाहणाऱ्या विधवेवर सिनेमा काढायचा होता. मासळीबाजारात विन्काला एका व्यापाऱ्याची बिनपाण्याने करताना त्यानं ऐकलं आणि म्हणाला, हीच. कपडेवाल्या मुलीनं कोरा काळा झगा आणला. विन्कानं तो घालून आरशात पाहिलं.

"यात मी हॉटेलातली वेट्रेस दिसते," ती म्हणाली. "खरं काळं उन्हानं तांबूस पडतं. थांबा."

आणि ती पेटीतून आईच्या काळ्याचा उरलेला जोड घेऊन आली.

झालं. गावाला बोलायला आयतंच मिळालं. नवऱ्यासाठी नाही घातलं आणि कॅमेऱ्यासाठी घातलं! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता. विन्का रोज त्या काळ्यात बाजारातून, मुद्दाम चर्चवरून, धक्क्यावर जायची आणि काम संपलं की फुलाफुलांचा झगा घालून परत यायची.

आमचे सिनेमे आधी परदेशातल्या महोत्सवांत फिरतात. तिथून शाबासकी घेऊन आले की मग ते आम्हाला आवडू लागतात. हाही फिरला. पोस्टरवर काळ्यातली विन्का, मागे समुद्र. मग जर्मनीतल्या एका महोत्सवानं तिलाच बोलावलं. पेरिनाचं शहर तेच. जायच्या आधी बोर्नाचा फोन आला.

"मावशी, एक विनंती होती. स्टेजवर काळ्यात याल? लोकांनी पोस्टर पाहिलंय."

"बुडालेल्या नवऱ्याचं काम केलेला तो पोरगा येणार आहे ना?"

"येणार की."

"तो ओला होऊन येणार आहे का?"

बोर्नानं विषय सोडला.

ती गेली पिवळ्या झग्यात. सिनेमा संपला, तिला स्टेजवर बोलावलं, तर पायऱ्यांशी उभा असलेला माणूस तिला वर सोडीना. त्याला वाटलं प्रेक्षकांतलीच कुणी बाई वाट चुकली. शेवटी बोर्ना खाली उतरून तिला घेऊन गेला. टाळ्या उशिरा सुरू झाल्या. आधी लोक त्या पिवळ्या झग्यातून पोस्टर शोधत होते. मागच्या रांगांत आमच्या बेटावरून तिकडे पोटापाण्याला गेलेली मंडळी बसली होती. तिथूनही विशेष टाळ्या आल्या नाहीत.

पुढच्या रांगेतल्या एका जर्मन गृहस्थानं विचारलं, "एवढं दुःख तुम्ही कुठून आणलंत? स्वतःच्या आयुष्यातून?"

विन्का तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी उभं राहिलं. डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात. पेरिना.

"त्या बाईला विचारा," पेरिना आमच्या भाषेत म्हणाली, "माझ्या भावासाठी तिनं एक दिवस काळं घातलं नाही. तुमच्यासाठी बरं घातलं?"

दुभाषी बाई अडखळली. "हा जरा घरगुती प्रश्न आहे," ती हळूच म्हणाली, "सोडून देऊ का?"

"नाही," विन्का म्हणाली. "शब्द न् शब्द सांग. काही गाळायचं नाही."

दुभाषीनं सांगितलं. बोर्नानं माईकसाठी हात पुढे केला, पण विन्कानं तो दिला नाही.

"ते काम होतं," ती म्हणाली. "जन्मभर मी डब्यांत तारल्या भरल्या. तारल्यांवर तुझा जीव आहे का, असं कुणी विचारलं नाही."

सभागृह हसलं. मागच्या रांगांतही दोघंतिघं हसली. पेरिना हसली नाही.

"आणि आंद्रो?" तिनं विचारलं.

विन्कानं तिच्याकडे नीट पाहिलं. पेरिना म्हातारी झाली होती. तिची हनुवटी थेट आंद्रोची होती, आणि ती थरथरत होती. नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं तर नणंद परत मिळाली असती, हे विन्काला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. तिला ती हवी होती. पण 'चुकलं' म्हणजे आंद्रोबद्दल खोटं बोलणं, आणि ते तिच्यानं होणार नव्हतं.

"सिनेमातला माणूस खोटाखोटा मेला, पेरिना," ती म्हणाली. "खोट्या मरणासाठी मी ते घातलं. आंद्रो खरा गेला. त्याचं दुःख मी कुणाला घालून दाखवणार नाही. गावाला नाही, यांना नाही. तुलासुद्धा नाही."

दुभाषीनं श्वास घेतला. विन्कानं हातानं तिला थांबवलं.

"हे सांगू नकोस. हे आमच्या घरातलं आहे."

"पण ते गृहस्थ विचारताहेत, तुम्ही काय म्हणालात. त्यांना काय सांगू?"

"सांग की तिकिटात इथपर्यंतच येतं."

दुभाषीनं ते सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. पेरिना अजून उभीच होती. तिनं रुमालानं नाक पुसलं आणि आजूबाजूला माना वळवून बसलेल्या आपल्या लोकांकडे रागानं पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "मग तो माईक ठेव आणि खाली ये. सगळं बेट कान देऊन बसलंय इथे."

सूत्रसंचालक पुढचा प्रश्न वाचत होता. विन्कानं माईक बोर्नाच्या हातात दिला, पिवळा झगा दोन्ही हातांनी उचलून धरला आणि पायऱ्या उतरून मागच्या रांगेकडे चालू लागली.