खुनाचे तीन वाटे

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. अमरावतीच्या कोर्टात माझ्या नातवावर खुनाची केस चालू होती. वलगावात दोघं चोरीसाठी एका घरात घुसले, घरचा पोरगा आडवा आला, तर त्याले चाकू मारला. नातू बाहेर मोटारसायकल चालू ठेवून बसला होता. सोबत गेला म्हणजे तोही खुनी, असं सरकारचं म्हणणं. म्हणून त्याले वाचवायले मी खोटी साक्ष देणार होतो, की नातू त्या दिवशी अकोल्याले माझ्यासंग होता.

मेलेल्या पोराची माय साक्षीले आली. चपला बाहेर काढून, पदर कमरेले खोचून उभी राहिली, वावरात निंदणाले निघाल्यासारखी. सरकारी वकील म्हणाला, "तिघांनी मिळून मारलं ना, बाई?"

"दोघांनी मारलं, साहेब. मी दारातच होती. हा गाडीवरून उतरला नाही. खुनाचे तीन वाटे काहून करता? मारणाऱ्याचं पाप हलकं होते त्यानं."

मंग तिनं माझ्या नातवाकडं पाहिलं. "पण तू होता तिथं."

आवाज चढला नाही, डोळा भरला नाही. मी आजवर कोणापुढं वाकलो नाही, त्या बाईपुढं मनातून वाकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या वकिलाच्या घरी गेलो अन् सांगितलं, "पोरगा तिथंच होता. अकोल्याची साक्ष मी देत नाही."