उलट्या आट्यांचा वॉल्व्ह

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड उकळून, पांढरं करून रंगवतात त्या खात्यात, चनमल्लप्पा सत्तावीस वर्षं सुपरवायझर. माणूस कामाला वाघ, हे त्यांच्यावर खार खाणारेही कबूल करत. वाफेच्या पाइपचा नुसता आवाज ऐकून ते बॉयलरवाल्याला शिव्या घालायचे, आणि चूक बॉयलरवाल्याचीच निघायची. पण या वाघाच्या पोटात गेले आठ महिने दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं दाक्षायणी.

दाक्षायणी ही कल्लप्पाची मुलगी. कल्लप्पा याच कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे बांधायचा आणि दुपारी चनमल्लप्पांना चहा आणून द्यायचा. त्याची पोर केमिस्ट्री शिकली, इथल्याच लॅबमध्ये लागली आणि खुद्द मालक तिला मॅडम म्हणू लागले. इकडे चनमल्लप्पांचा विरेश इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मोबाइलची कव्हरं विकत बसलेला. रिटायर झालेला कल्लप्पा रस्त्यात भेटला की हात जोडून विचारायचा, "बरं हाय न्हवं, अण्णा?" बिचाऱ्याच्या मनात काही नसायचं, पण चनमल्लप्पांना दिवसभर जेवण गोड लागायचं नाही.

तशात परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली. कारखान्यातल्या कामात कुठे काय बिघडू शकतं, याचा अभ्यास करा आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमा. मालकांनी पुण्याहून एक ट्रेनर बोलावले. तीन दिवसांचं ट्रेनिंग, आणि शेवटी एकाला रिस्क इन्चार्जची खुर्ची. वेगळी केबिन, आणि त्याच्या सहीशिवाय कुठलंही नवं मशीन सुरू व्हायचं नाही. ती खुर्ची आपलीच, असं चनमल्लप्पा धरूनच चालले होते. ट्रेनिंगसाठी नवा शर्टही शिवून घेतला. गुरम्मा म्हणाली, "खुर्ची मिळू द्या की आदी, मग शिवा." त्यावर ते दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी ट्रेनरनी सगळ्यांना आखलेले कागद वाटले. धोका कोणता, कारण काय, झाला तर किती वाईट, होण्याची शक्यता किती, उपाय काय. वाईटपणाला आणि शक्यतेला एक ते पाच आकडे द्यायचे आणि गुणाकार करायचा. जिथे आकडा मोठा, तिथे आधी धावायचं. चनमल्लप्पांनी घामाघूम होऊन सात ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन त्यांनाच वाचता येईनात. दाक्षायणीच्या झाल्या एक्केचाळीस, मोत्यासारख्या अक्षरात. ट्रेनरनी तिचा कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. नव्या शर्टातल्या माणसाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपण होऊन त्यांच्या टेबलापाशी आली. "मामा, प्रोसेस हाऊस तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. माझ्या यादीत काही राहिलंय का, बघता?"

चनमल्लप्पांनी चष्मा लावून यादी वाचली. पोरीनं खरंच काही सोडलं नव्हतं. एक गोष्ट सोडून.

कॉस्टिकच्या टाकीखालचा वॉल्व्ह. कॉस्टिक म्हणजे कापड उकळताना घालायचा जहाल सोडा, कातडी सोलून काढणारा. अकरा वर्षांपूर्वी तो वॉल्व्ह ऐन हंगामात फुटला, तेव्हा चनमल्लप्पांनी भंगारबाजारातून जुना वॉल्व्ह शोधून तासाभरात बसवला होता. मालकांनी पाठ थोपटली होती. त्या वॉल्व्हचे आटे उलटे होते. जगातले वॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा उघडायचा. खात्यातल्या सातही जणांच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की तो उलटा आहे हेच कुणाच्या मनात यायचं नाही. लॅबमध्ये बसणाऱ्या पोरीला ते कुठून कळणार?

सांगावं, असं त्यांना वाटलं. खोटं कशाला, क्षणभर वाटलंच. मग डोळ्यांपुढे तिच्या नावाची पाटी असलेली केबिन आली.

"काय राहिलं न्हाय," ते म्हणाले. "समदं आलंय की."

तिसऱ्या दिवशी सराव होता. टाकी धुऊन तिच्यात साधं पाणी भरलं. वॉल्व्ह किंचित उघडा ठेवून त्याच्या पुढचा पाइपचा जोड मुद्दाम ढिला केला, तो ठिबकू लागला. एका मिनिटात जाऊन वॉल्व्ह बंद करायचा.

"कोण येतंय?" ट्रेनरनी विचारलं.

"दाक्षायणीलाच पाठवा की," चनमल्लप्पा म्हणाले. "यादी तिनंच केलीया."

पाणीच तर हाय, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. पोरगी भिजेल, लोक हसतील, आणि मग आपण पुढे होऊन एका हातानं वॉल्व्ह बंद करू.

झालंही तसंच. पाणीच आहे म्हणून दाक्षायणीनं सेफ्टीचा चष्मा कपाळावरच ठेवला, पळत गेली आणि वॉल्व्ह उजवीकडे गच्च फिरवला. ढिल्या जोडातून फवारा उडाला तो थेट तिच्या तोंडावर. सगळे खो खो हसले. चनमल्लप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि पुढे होऊन त्यांनी वॉल्व्ह डावीकडे फिरवून बंद केला.

ट्रेनर हसले नाहीत. "आज टाकीत पाणी आहे. काल काय होतं?"

"कॉस्टिक, साहेब," बिरुदेव म्हणाला. तो खात्यातला जुना कामगार. म्हणाला आणि त्याचं हसू तिथंच विरलं.

"हा वॉल्व्ह उलटा आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

सात हात वर झाले. चनमल्लप्पांचा सगळ्यांत शेवटी.

"मग कुणीच का लिहिलं नाही?"

"त्यात लिवायचं काय, साहेब?" बिरुदेव म्हणाला. "समद्यांना म्हाईतच हाय की."

"हिला माहीत होतं?"

दाक्षायणी ओढणीनं डोळे पुसत होती, पुन्हा पुन्हा. तिनं एकदा चनमल्लप्पांकडे पाहिलं. 'मी यांना विचारलं होतं' एवढं ती म्हणाली असती, तरी सत्तावीस वर्षांच्या अब्रूचा निकाल लागला असता. ती म्हणाली नाही. चनमल्लप्पांना तिच्या अक्षराचा हेवा वाटला होता, डिग्रीचा वाटला होता. आता तिच्या गप्प राहण्याचाही वाटला, आणि तो सगळ्यांत जास्त डाचला.

संध्याकाळी मालकांनी खुर्ची दाक्षायणीला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोक्यांच्या यादीचं रजिस्टर घेऊन आली. बेचाळिसावी ओळ तिनं लिहिली होती, उलट्या वॉल्व्हची. कारणाचा रकाना कोरा होता.

"मामा, हे तुम्हीच लिहा."

'जुना वॉल्व्ह, उलटे आटे' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. कुणी चूक म्हटलं नसतं. चनमल्लप्पांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'विचारलं होतं. माहीत असून सांगितलं नाही.' आणि खाली सही केली.

दाक्षायणीनं वाचलं. पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वॉल्व्ह आजच बदलतोय. पण हे कारण पुन्हा घडायची शक्यता किती लिहू? एक?"

चनमल्लप्पांनी तिच्या नव्या केबिनकडे पाहिलं. दारावर पाटी लावायला सुतार आला होता.

"तीन लिव, पोरी," ते म्हणाले. "एक लिवलं तर खोटं हुईल."