ॲप्रनचा पांढरा

वर्धेला स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. रीळ धुण्याचा काळ मी पाहिला आणि तो संपल्यावर इतरांसारखाच कॉम्प्युटरसमोर येऊन बसलो. आता फोटो काढायला फारसं कोणी येत नाही. फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये असतो, लोक येतात ते तो सुधारून घ्यायला. आणि सुधारणेचा अर्थ आमच्याकडे एकच: उजळ. बारशाचा फ्लेक्स असो की नोकरीचा अर्ज, "थोडा उजळ करून द्या." मी देत असे. त्यात माझा हातखंडा होता, म्हणजे पडद्यावरची उजेडाची पट्टी माउसनं उजवीकडे सरकवण्यात माणसाचा जेवढा हातखंडा असू शकतो तेवढा.

एकदा पुलगावचे एक किराणा दुकानदार आले. त्यांची मुलगी सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि स्थळं पाहणं सुरू होतं. त्यांनी तिचा फोटो दाखवला. पांढऱ्या ॲप्रनमधली सावळी मुलगी, डोक्यावर ट्यूबलाइट, सगळ्या फोटोवर हिरवट झाक.

"भाऊ, पोरगी तशी काळी नाई आमची," ते म्हणाले. "फोटोतच तशी येऊन राह्यली."

मी पट्टी सरकवली. गाल गुळगुळीत केले, नाकाशेजारचा तीळ पुसला आणि ओठांना जरा गुलाबी रंग दिला, जो त्यांनी मागितलाही नव्हता. ते खूष होऊन गेले. मीही स्वतःवर खूष होतो.

दोनेक महिन्यांनी एक मुलगी दुकानात आली. मी तिला ओळखलं नाही. हे सांगायला मला आजही जड जातं, कारण तिचा चेहरा मी तासभर, मोठा करकरून, डोळ्यांसमोर ठेवला होता. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

"काका, हे तुम्हीच केलं ना?"

"हो. चांगला झाला ना?"

"लय चांगला झाला. पाहुणे आलते. मी चहा घेऊन गेली तं मुलाची मावशी म्हणते, मुलगी कधी येईन बाहेर? अन् हे एकदा नाई, दोनदा झालं."

मी म्हटलं, लोकांना माणसाची पारखच नसते.

"त्यायले काऊन दोष देता? त्यायनं तं फोटो पाह्यला, तुमचा," ती म्हणाली आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. "मूळ फोटो असंन ना? काढा."

मी काढला. ती पडद्याकडे असं पाहत होती जसं मी कधीच पाहिलं नव्हतं, निवांत आणि संशयानं. तिचं कामच तसं होतं. काचेवर रक्ताचा थेंब पसरवायचा, त्याला रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपमधून पाहायचं. "आमच्याकडे रंग चुकला तं रिपोर्ट चुकते," ती म्हणाली. "यात पक्कं पांढरं काय आहे?"

"ॲप्रन."

"मग पहिले तो पांढरा करा. माह्या तोंडाले हात नका लावू."

त्यासाठी पडद्यावर एक छोटी पिचकारीसारखी खूण असते. ती माझ्याकडे कितीतरी वर्षं होती आणि मी तिला एकदाही हात लावला नव्हता. ती उचलून मी ॲप्रनच्या कॉलरवर टेकवली. कॉलर पांढरी झाली आणि तिच्याबरोबर सगळ्या फोटोतला हिरवटपणा निघून गेला. मग डोळ्यांखालची सावली जराशी उचलली, ट्यूबलाइटचा भगभगीतपणा खाली आणला. बस्स. चेहरा सावळाच राहिला, पण आता तो जिवंत माणसाचा होता, तिळासकट. इतकी वर्षं मी अंधार समजून लोकांची कातडी पुसत होतो, हे मला तेव्हा कळलं आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं याचं बरं वाटलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. "हं," ती म्हणाली. "ही मी आहे."

पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी मोबाइलवर एका मुलाचा फोटो होता. "याच्या घरच्यायनं माहा तो फोटो पाहून होकार कळवला. रविवारी येऊन राह्यले. हा कसा वाटते?"

मी मुलाला ओळखलं नाही, पण काम ओळखलं. माझंच होतं. गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगू नये, एवढी नीती मी आजवर पाळली होती.

"लाइट चांगला आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका."

"केस माहे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी देल्लेले. कपाळ त्याचंच आहे, पण या फोटोत दिसते त्याच्याहून जरा जास्त आहे."

ती इतकी हसली की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

रविवारी तो मुलगा टोपी न घालता आला आणि बसल्याबसल्या स्वतःच म्हणाला, "फोटोत केस जास्त आहेत, ते खरे नाईत." हे तिनं मला नंतर सांगितलं. तिला तो त्याच क्षणी आवडला. मी आधीच चुगली केली होती हे तिनं त्याला लग्न ठरेपर्यंत सांगितलं नाही.

लग्नाच्या फोटोंचं काम मलाच मिळालं. "कोणाले काई करू नका," दोघांनी बजावलं होतं. मीही ठरवलं होतं. पण स्टेजवर जांभळे लाइट होते. नवरानवरी, भटजी, आहेर घेऊन उभे राहिलेले मामा, सगळे वांग्याच्या रंगाचे आले. चार दिवस बसून मी एकेका चेहऱ्यातून जांभळा काढला. भटजींचं पांढरं उपरणं धरून सुरुवात केली आणि माणसं हळूहळू माणसांच्या रंगावर आली.

अल्बम न्यायला मुलीचे वडील आले. पानं उलटताना त्यांचा चेहरा पडत गेला.

"भाऊ, जांभळा कुठी गेला? त्या लाइटसाठी खास नागपूरचा माणूस बोलावलता आपण."

मी अल्बम परत घेतला. फोटोंतल्या स्टेजमागच्या कापडी पडद्यावर तेवढा जांभळा पुन्हा भरला, चेहऱ्यांना हात लावला नाही. ते म्हणाले, आता कसं लग्न वाटून राह्यलं.