सिस्टरांनी सोडवून आणलेले कागद

सिस्टर कुणाला नमस्कार करत नसत, सरळ मनगट धरत. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत भाजीवालीपासून विहाराच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची नाडी त्यांच्या बोटांना पाठ होती. मनगट सोडताना म्हणत, "चालतंय. लोणचं तेवढं कमी करा." त्यांचं खरं नाव मला नववीत कळलं, कारण त्यांचे यजमानही त्यांना सिस्टरच म्हणत.

त्यांची सगळी नोकरी लहान खासगी दवाखान्यांत झाली. "मोठ्या ठिकाणी मला करमत नाही," असं त्या सांगायच्या. रविवारी वंदना झाली की विहाराच्या मागच्या खोलीत नर्सिंगच्या जाहिराती घेऊन बसायच्या. आमची घरं मराठवाड्यातून आलेली. आमच्या आयांना तेलुगू वाचता येत नव्हतं आणि आम्हा मुलींना मराठी धड वाचता येत नव्हतं. म्हणून त्या तेलुगू पेपरातली जाहिरात वाचून लगेच मराठीत सांगायच्या, कुठे किती जागा, कुठे हॉस्टेल आहे, कुठे नुसतंच राबवून घेतात. "ओपीडी मागू नका ग, वॉर्ड मागा. वॉर्डात हात शिकतो," हे दर रविवारी असायचंच.

एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "पण सिस्टर, नर्स म्हटलं की स्थळं येत नाहीत."

"हौ का? तुमच्या सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्यांना कुशीवर कोणी वळवलं? इंजिनिअर जावयानं?"

काकू हसल्या. पुढच्या रविवारी स्वतःच्या धाकटीला घेऊन आल्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर हिमायतनगरच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी लागली. पहिल्या दिवशी बाबा सोबत आले. ते आबिड्सला एका ऑफिसात वॉचमन आहेत. मॅनेजरनी मूळ कागद मागितले: डिग्री, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दहावीचा मेमो, म्हणजे मार्कशीट. बॉण्ड दोन वर्षांचा, तो संपला की परत मिळतील म्हणाले. बाबांनी दोन्ही हातांनी फाईल पुढे केली, वर त्यांचे आभार मानले. घरी आईला म्हणाले, "बरं झालं. आपल्याकडे पत्रा गळतो, तिथं लोखंडी कपाट आहे." मलाही ते पटलं होतं. सिस्टरांना मात्र मी हे सांगितलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या रागावतील असं कुठेतरी कळत असावं.

काही महिन्यांनी सरकारी स्टाफ नर्सच्या निवड यादीत माझं नाव आलं. मूळ कागद दाखवायला चार दिवस होते. ते दाखवले नाहीत तर जागा जाणार होती. मॅनेजर म्हणाले, बॉण्ड संपल्याशिवाय नाही. मी रडत सिस्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "कपाटाची चावी कोणाकडे असते?" एवढंच विचारलं आणि साडी बदलून आल्या.

नर्सिंग होमच्या रिसेप्शनमध्ये त्या मांडीवर डबा घेऊन बसल्या. मॅनेजर म्हणाले, "अम्मा, ही आमची पॉलिसी आहे."

"असू दे ना बाबा. मी कुठे नको म्हणते? मी बसते."

शेजारच्या म्हाताऱ्या बाईचं मनगट त्यांनी सवयीनं हातात घेतलं, तेलुगूत चौकशी केली. मग दुसरी बाई सरकून जवळ आली, मग तिसरी. तासाभरात डॉक्टरांच्या दारापेक्षा सिस्टरांपुढची रांग मोठी झाली. दुपारच्या जेवणाआधी माझ्या कागदांचा लिफाफा बाहेर आला. सिस्टरांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला आणि मॅनेजरना म्हणाल्या, "पोरगी महिनाभर ड्युटी करेल. पेशंट टाकून पळणार नाही. जबान देते." मॅनेजरनी आमच्यासाठी चहा मागवला.

परत येताना ऑटोत त्यांनी लिफाफा माझ्या मांडीवर ठेवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझंही नाव आलं होतं ग यादीत. कागद असेच कपाटात होते. कोणाला सोबत न्यावं ते सुचलंच नाही. तारीख निघून गेली."

मोठ्या ठिकाणी करमत नाही म्हणायच्या, ते मी इतकी वर्षं खरं धरलं होतं.

"लिफाफा नीट धर," त्या म्हणाल्या. "वारा आहे."

आता मी आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात आहे. यजमान गेल्यावर सिस्टर नांदेडला मुलाकडे गेल्या. आठवड्यातून एकदा फोन करतात. त्या ऑटोतलं बोलणं आम्ही दोघींनी पुन्हा कधी काढलं नाही. पण त्यांना सगळं ऐकायचं असतं. वॉर्डात खाटा किती, हजेरी कुठे लावतात, युनिफॉर्मचा रंग कोणता, क्वार्टरला खिडकी कोणत्या बाजूला, सकाळी कॉरिडॉरमध्ये ऊन येतं का. मी एकेक सांगत जाते. चुकून काही राहिलं तर त्या थांबवतात, "मग? गेटमधून आत गेलीस, पुढे?" मी पुन्हा गेटपासून सुरू करते आणि या वेळी सावकाश चालते.