पाववाल्याचा डिपर

बेकरीची व्हॅन चालवणाऱ्या त्या गृहस्थांचं नावच रस्त्यावरच्या सगळ्यांनी ‘आधी तुम्ही’ ठेवलं होतं. तीस वर्षं ते पाव पोचवत होते आणि तीस वर्षं दुसऱ्यांना वाट देत होते. अरुंद पूल असो की गल्लीचं तोंड, हे थांबणार आणि दिवे दोनदा चमकवून डिपर देणार. इतर ड्रायव्हर डिपर मारतात ते ‘बाजूला हो, मी येतोय’ म्हणून. यांचं सगळंच उलटं.

"अहो, अशानं सकाळचे पाव दुपारच्या चहाला पोचतील!" बायको करवादायची. हे नुसते हसायचे.

एका सकाळी डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या बाई स्कूटर घेऊन खोळंबल्या होत्या. यांनी थांबून डिपर दिला. बाई निर्धास्तपणे पुढे आल्या, आणि मागून व्हॅनला ओलांडून सुसाट निघालेल्या मोटारीने त्यांना उडवलं. उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात.

जबाब घेणारा पोलीस समजुतीने म्हणाला, "काका, नियमात डिपरचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे. ‘या’ असा नाही."

ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून डिपर बंद. मान खाली घालून चालावं तशी व्हॅन चालवायचे. पाव अगदी वेळेवर पोचू लागले, आणि बायकोला ते बघवेना.

रोज एक पाव मात्र बाईंच्या दाराशी जायचा. "बोटं हलतात ना?" एवढंच विचारायचे.

"हलतात हो! व्हॅनच्या मागून कोण येतंय ते मी नको होतं का बघायला? चोरासारखे काय येता, बसा की!" बाई रागवायच्या. हे बसायचे नाहीत. हात पूर्वीसारखा चालेल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

चार महिन्यांनी त्याच गल्लीपाशी ते समोर बघत निघाले होते. तेवढ्यात डावीकडून दिवा चमकला. एकदा, दोनदा. त्यांनी ब्रेक दाबला. स्कूटरवर बाई होत्या. मांडीवर कापडाचं गाठोडं, आणि उजवा हात हलवून सांगत होत्या, आधी तुम्ही!

तीस वर्षांत त्यांना असं कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांना रडूच आलं.

"अहो, निघा! पाव गार होतील!" बाई ओरडल्या.

पण ते निघाले नाहीत. बाहीने डोळे पुसले, आरशात पाहिलं, मान वळवून मागचा रस्ता पाहिला. मोकळा होता. मग त्यांनी डिपर दिला.

बाईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि मगच त्या निघाल्या.