पाच लिटरात राधानगरी

उद्यमनगरात कृष्णात पोवार कुठं असतो म्हणून विचारलं, तर चार माणसं डोकं खाजवत राहायची. थेंबे मास्तर कुठं असतात असं विचारलं, की त्यातलाच एखादा हातातलं काम टाकून थेट दारापर्यंत पोचवायला यायचा. पंचवीस वर्षं लेथवर लोखंड कातणाऱ्या या माणसाला हे नाव पडलं ते पेट्रोलमुळं. कुठं एक थेंब सांडला तरी उतू जाणारं दूध बघावं तसा त्याचा चेहरा व्हायचा.

त्याची गाडी होती स्टँडर्ड टेन, छपन्न सालची, पिस्त्याच्या रंगाची. जनावरांच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. कृष्णात पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबला आणि मग गाडी ओढून घरी आणली. दोन वर्षं रोज कामावरून आल्यावर तो तिच्यावर खपला. जो भाग बाजारात मिळाला नाही तो त्यानं लेथवर स्वतः कातला. गाडी सुरू झाली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि मग त्याला एकच नाद लागला, कमीत कमी पेट्रोलात लांबात लांब जायचं. लोक हौसेनं कबुतरं पाळतात, म्हैस पाळतात. हा कार्ब्युरेटर पाळायचा.

गाडी चालवायची ती अनवाणी, हा त्याचा पहिला नियम. पायताणाच्या जाड तळव्यातून इंजिन काय म्हणतंय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. झोपलेल्या पोराच्या गालाला हात लावावा तसा तो पायाचा अंगठा ॲक्सिलरेटरवर ठेवायचा. उतार लागला की इंजिन बंद. पुढं बैलगाडी दिसली की फर्लांगभर अलीकडंच पाय काढून घ्यायचा, कारण ब्रेक लावणं म्हणजे जाळलेलं पेट्रोल पुन्हा एकदा जाळणं. आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकानं पायताण बाहेर काढून बसायचं, कारण चिखल म्हणजे वजन.

या शेवटच्या नियमातच खोट होती. दाराशी पायताण काढायचं आणि आत जायचं ही आपली जन्माची सवय. पण घर जागेवर राहतं आणि गाडी निघून जाते. कृष्णातची पायताणं अशीच कोडोलीच्या बाजारात राहिली, शिरोळच्या लग्नमांडवापुढं राहिली. राधानगरीच्या चिमणाबाईच्या हॉटेलापुढं तर इतक्यांदा राहिली, की ती त्याला चहाच्या आधी मागच्या खेपेचं पायताण आणून द्यायची.

“लोकांचे नवरे दारू पिऊन अनवाणी घरी येत्यात,” त्याची बायको विमला म्हणायची, “माझा शुद्धीत येतोय.”

पण हे म्हणताना ती हसायची, आणि रविवारी गाडीत बसताना आपल्या चपला मुकाट्यानं काढून पिशवीत घालायची. बाईमाणूस शहाणं असतं ते असं.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल एकदम महागलं. मोठमोठ्या बंगल्यांतल्या गाड्यांवर धूळ बसायला लागली. दिवाळीनंतर शिरोळहून विमलाचे थोरले बंधू हंबीरराव आले. हंबीरराव म्हणजे उसाचे बागायतदार आणि एकेकाळचे पैलवान. त्यांच्या पायातल्या पायताणाची करकर गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की विमला चहाचं आधण ठेवायची. वडील गेल्यावर त्यांनीच तिला लहानाची मोठी केली, लग्न लावून दिलं. त्यांचा शब्द या घरात कधी खाली पडला नव्हता.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “पावणं, गाडी काढून टाका. आमच्या गावात एकाला नदीवर पाणी उपसायला इंजिन पायजे. तुमचं इंजिन चांगलं हाय, त्यो घेतोय. ऱ्हायलेला पत्रा भंगारात घाला.”

कृष्णातच्या डोळ्यांपुढं ते इंजिन नदीकाठच्या चिखलात भकभकताना उभं राहिलं. त्याला गलबलून आलं. थोरल्या मेव्हण्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मग माणूस अशा वेळी करतो तेच त्यानं केलं, फुशारकी मारली.

“आण्णा, ही गाडी पेट्रोलचा नुसता वास घेऊन चालती. पाच लिटरात राधानगरीला जाऊन माघारी येती.”

“पाच लिटरात? एकशे दहा किलोमीटर? काय तरी बोलू नका.”

“येती की.”

“आन् न्हाई आली तर?”

“तर इंजिन तुमचं.”

बोलून गेला, आणि मग त्यानं मनात हिशोब मांडला. आजवर त्याला जमलं होतं ते लिटरला एकवीस, तेही एकटा असताना. इथं बावीस हवे होते, आणि साक्षीला म्हणून शेजारी क्विंटलभर वजनाचे हंबीरराव बसणार होते.

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या टॉवरपाशी टाकी कोरडी केली, पाच लिटर मोजून ओतलं. मधे कुणी भर घालू नये म्हणून विमलानं टाकीचं झाकण कणकेनं लिंपलं. तिनं नवऱ्याचं पायताण पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, “सांभाळून या. मी हितंच थांबते.” तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. गाडी जावी असं तिलाही वाटत नव्हतं, पण भाऊ आणि नवरा यांच्यात बोलायचं तरी काय?

“आण्णा, पायताण,” कृष्णात म्हणाला.

“मी काय देवळात चाललोय व्हय?” म्हणत हंबीरराव पायताणासकट आत बसले. गाडी डावीकडं कलली.

पहिले काही मैल त्यांनी कृष्णातची रेवडी उडवली. पंचवीसच्या वर काटा जाईना, सायकलवाले शेजारून गप्पा मारत चालले. उतार आला, इंजिन बंद झालं आणि गाडी आवाज न करता तीन शेतं ओलांडून गेली, तेव्हा त्यांनी चेष्टा सोडून खिडकीबाहेर कान दिला. वाऱ्यात उसाची सळसळ ऐकू येत होती. पुढच्या उतारावर ते म्हणाले, “बंद करा की आता.” भोगावतीच्या पुढं एक बैलगाडी रस्ता अडवून चालली होती. कृष्णातनं पाय काढून घेतला, तर हंबीररावांनी खिडकीतून धडच बाहेर काढलं.

“ए, गाडी बाजूला घे! हितं एकेक थेंब मोजून चाललोय आमी!”

राधानगरीत चिमणाबाईनं कृष्णातच्या हातात मागच्या खेपेचं पायताण ठेवलं, मग चहा दिला. हंबीररावांनी एरवी चार भजी आणि दोन चहा घेतले असते. आज अर्ध्या कपावर उठले. “वजन नको,” म्हणाले. परत गाडीत बसताना त्यांची नेहमीची करकर ऐकू आली नाही, पण कृष्णातचं तिकडं लक्ष नव्हतं. पेट्रोलचा काटा कैक वर्षांपूर्वी अर्ध्यावर अडकलेला, टाकी कणकेनं बंद. किती उरलंय ते अंगठ्यालाच ठाऊक.

 येताना वाशी गाव मागं पडलं. शेवटचा मोठा चढ पुईखडीचा. अर्ध्यात इंजिनानं आचका दिला. हंबीररावांनी अंग चोरलं, जणू श्वास रोखून धरला तर वजन कमी होईल. दुसरा आचका, तिसरा, आणि अगदी माथ्यावर येऊन इंजिन बंद पडलं.

पुढं उतार होता. गाडी आपल्या वजनानं सुटली. कृष्णातनं दोन्ही हातांनी चाक धरलं होतं आणि अनवाणी पायाचा अंगठा उगाच ॲक्सिलरेटर दाबत होता. रंकाळ्याचं पाणी दिसलं, मग टॉवर, मग टॉवरखाली पदर डोक्यावर घेतलेली विमला. सपाटी लागली तशी गाडी मंदावली. मंदावत मंदावत ती थांबली. टॉवर पन्नास पावलांवर होता.

कृष्णातनं चाकावरचे हात काढले. दोन वर्षं खपून जोडलेली गाडी पन्नास पावलांसाठी जाणार होती. पण शब्द म्हणजे शब्द. त्यानं किल्ली काढून हंबीररावांपुढं धरली.

“हरलो आण्णा. इंजिन तुमचं.”

हंबीररावांनी किल्ली घेतली नाही. त्यांनी दार उघडून एक पाय खाली टेकवला आणि खडी टोचली तसा चटकन वर घेतला. पायाकडं बघितलं. सीटखाली हात घालून चाचपलं. मग मागं वळून, आले होते त्या रस्त्याकडं बघत राहिले.

तोवर विमला धावत आली होती. “काय झालं आण्णा?”

“पायताण,” हंबीरराव म्हणाले. “त्या चिमणाबाईच्या दारात काढलं आन् तसंच गाडीत बसलो.”

विमलानं तोंडाला पदर लावला. कृष्णातला हसावं की रडावं कळेना.

“मला कुणी काढा म्हटलं न्हवतं,” हंबीरराव स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलले. “मीच काढलं. वजन नको म्हणून.” मग त्यांनी किल्ली कृष्णातच्या मुठीत परत दाबली. “आता पुढच्या रविवारी पायताण आणाया जायला पायजे. गाडीचं इंजिन इकून जायाचं कशानं, पावणं? पेट्रोल मी घालतो. पाच लिटर. तेवढं बास हाय, फकस्त मी सकाळी जेवणार न्हाई.”

“आण्णा, पण पैज...”

“पैज ऱ्हायली पन्नास पावलं. ती मी ढकलतो.”

आणि तो म्हातारा पैलवान अनवाणी, खडीवर ओय ओय करत, गाडी टॉवरपर्यंत ढकलत आला. कृष्णात चाक धरून आत बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. विमलानं मागच्या सीटवरची पिशवी काढली आणि नवऱ्याचं पायताण भावापुढं ठेवलं. हंबीररावांचे पाय त्यात निम्मेच मावले. तसेच टाचा बाहेर काढून ते बहिणीच्या घरी जेवायला गेले.